दोन डब्यांची साक्ष

माझ्या हातून घडलेली सगळ्यात मोठी चूक गेली तीस वर्षं माझ्याबरोबर संसार करते आहे. तिचं नाव श्रीरंग मराठे. देवरुखच्या शाळेत भूगोल शिकवतो, चहात साखर जास्त घेतो आणि कुठल्याही समारंभात हातात माईक मिळाला की पाच मिनिटांत स्वतःच्या मुरुमांवर येतो.

गैरसमज नको. माणूस लाखात एक आहे. चूक लग्नात झाली नाही, ती लग्नाच्या वर्षभर आधी झाली, आमच्या पोंक्षे मेडिकलच्या काउंटरवर, भर दुपारी पावणेबारा वाजता. फार्मसीची पदवी भिंतीवर नुकतीच टांगली होती आणि तिच्या बरोबर खाली उभी राहून मी ती चूक केली. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. मग दुकानात साक्षी आली.

साक्षी ही मुलगी नव्हे, यंत्र आहे, शिवणाच्या मशीनएवढं. कागदोपत्री नाव त्वचासाक्षी. गेल्या वर्षी नियम आला की चेहऱ्याला लावायची कुठलीही वस्तू, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणारी असली तरी, त्या विशिष्ट गिऱ्हाइकाला लागू पडेल की नाही हे दाखवल्याखेरीज विकायची नाही. गिऱ्हाइकाने एक टिपकागद कपाळावर दाबायचा आणि साक्षीच्या फटीत सरकवायचा. दोन मिनिटांत ती निकाल देते, आणि तोही मोठ्याने, कारण ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कळलं पाहिजे असं नियमातच लिहिलंय. हळू बोलण्याचं बटण तिला नाही. मी शोधलं.

ती करते काय, तेही सांगते. आपल्या त्वचेला बारीक छिद्रं असतात आणि प्रत्येक छिद्राच्या तळाशी तेल तयार करणारी एक ग्रंथी. तेलात मेलेल्या पेशी मिसळून छिद्राला बूच बसलं की आत हवा जात नाही, आणि बिनहवेत वाढणारे जंतू खुशाल वस्ती करतात. त्या जंतूंच्याही जाती असतात. काही गरीब, आपलं खाऊन गप्प बसणाऱ्या. काही भांडखोर, त्या छिद्राला सूज आणतात. आपण त्याला मुरूम म्हणतो आणि आरशासमोर रडतो. मलमांपैकी कुठलं बूच विरघळवतं, कुठलं आत ऑक्सिजन सोडून जंतूंचा जीव घेतं. कुठलं काहीच करत नाही, फक्त वासाला छान असतं. साक्षी टिपकागदावरच्या तेलातून जंतूंची जात ओळखते, आणि दुकानातली प्रत्येक ट्यूब या चेहऱ्यावर काय करील याचं गणित मांडते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट गिऱ्हाइकाला कधीच पटत नाही. आज वर आलेल्या मुरुमाची तयारी त्वचेच्या आत दीड-दोन महिने आधीपासून चाललेली असते. त्यामुळे उत्तमातलं उत्तम मलमही आठ आठवडे लावल्याशिवाय गुण दाखवत नाही. आणि आपल्याकडे लोक आठ दिवसांत ट्यूब बदलतात.

साक्षी आली त्या आठवड्यात सुर्वे वहिनी आपल्या तन्वीला घेऊन आल्या. तन्वी अकरावीत. चेहऱ्यावर सहा ट्यूबांचे प्रयोग झाले होते, वर घरगुती उपचार वेगळे.

"ही सांगेल का कुठलं घ्यायचं?" वहिनींनी यंत्राकडे सुनेकडे बघावं तसं बघितलं.

साक्षीने कागद गिळला. म्हणाली, "ग्राहकाच्या चेहऱ्यावर सहा मलमं सापडली. त्यांपैकी तीन परिणामकारक आहेत. एकही पुरेसे दिवस लावलेलं नाही. शिवाय टूथपेस्ट सापडली. टूथपेस्ट दातांना लावावी."

"आई!" तन्वी किंचाळली. "तूच लावायला सांगितलंस!"

"आणि बेसन सापडलं," साक्षी म्हणाली.

दुकानात पाच-सहा माणसं होती, सगळी हसली. वहिनींना हसू आलं नाही. त्यांनी मागच्या फळीकडे बोट दाखवलं. "आणि ती गुलाबी ट्यूब गं स्वरूपा? वर्षभर नेतोय आम्ही."

"परिणाम शून्य," मी तोंड उघडायच्या आत साक्षीने सांगून टाकलं.

पंधरा दिवसांत तिने माझ्या फळीवरच्या निम्म्या वस्तूंना शून्य दिलं. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या काळापासून लोक डोळे झाकून आमच्याकडे यायचे. आता डोळे वटारून यायला लागले. समोरच्या आळीतले नाना जोगळेकर तर काही घ्यायचं नसताना रोज येऊन बसत आणि आलेल्या प्रत्येकाला सांगत, "अहो, हिच्या बापाच्या डब्या तेवढ्या खऱ्या होत्या. बाकी सगळा रंगीत चुना."

हे श्रीरंगच्या कानावर गेलं आणि त्याचं डोकं फिरलं.

"माझ्या बायकोच्या दुकानाला नावं ठेवतात?" तो जेवताना म्हणाला. "मी जिवंत पुरावा आहे. त्या मशीनला दाखवतोच. डबी आहे माझ्याकडे."

माझा घास हातातच राहिला. "कुठली डबी?"

"तीच. पहिली, आणि शेवटचीसुद्धा. मधल्या सहा आईने फेकल्या. या दोन मी पदवीच्या दाखल्याबरोबर ठेवल्यात. तळाशी थोडं थोडं मलम आहे अजून. परवा दसरा, सोनं द्यायला अख्खं गाव दुकानात येणार. सगळ्यांसमोर तपासू. नानांची बोलतीच बंद."

आता ती डबी काय होती ते सांगायलाच हवं.

आप्पा दोन मलमं स्वतः घोटायचे. एक मुरुमांवरचं, त्यात गंधक आणि सॅलिसिलिक आम्ल. ते खरोखर लागू पडायचं. दुसरं टाचांच्या भेगांवरचं, म्हणजे कोकमाचं घट्ट तेल आणि थोडं मेण, बस्स. दोन्ही एकाच मापाच्या पांढऱ्या डब्यांत भरून, वर चिठ्ठ्या चिकटवून ठेवत. त्या दिवशी चिठ्ठ्या लावायचं काम माझ्याकडे होतं. डब्या समोर होत्या, चिठ्ठ्या हातात होत्या, आणि तेवढ्यात एक उंच, किडकिडीत मुलगा आत आला. कपाळभर मुरूम, डोकं तेलाने चपचपीत, भांग पट्टीने आखल्यासारखा. मान खाली घालून म्हणाला, "तारुण्यपिटिकांवर काही आहे का?" तारुण्यपिटिका! मुरूम म्हणायला लाजला आणि पाठ्यपुस्तकातला शब्द काढला. मी त्याला डबी दिली. भेगांची दिली.

कोकमाचं तेल चेहऱ्याला काही इजा करत नाही. काही भलंही करत नाही. आणि तरी आठ आठवड्यांत श्रीरंगचा चेहरा स्वच्छ झाला. वर्षाने आमचं लग्न झालं. तेव्हापासून त्याने ही कथा स्नेहसंमेलनात, मुंजीत, मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभात, कुठे म्हणून सांगितली नाही? "हिने माझा चेहरा दिला," म्हणायचा. शाळेतल्या मुरूमवाल्या प्रत्येक पोराला त्याने माझ्याकडे पाठवलं. त्या पोरांना मी नीट गंधकाचंच मलम दिलं, चिठ्ठी तीनदा वाचून.

आपल्या माणसाने तीस वर्षं ज्या गोष्टीवर जीव टाकला ती खोटी आहे, हे त्याला गावासमोर एका मशीनने सांगायचं. मला खरंच रडू येत होतं.

दुकान रोज दुपारी एक ते चार बंद असतं; दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्या वेळात मी आप्पांचा खल काढला. गंधक घोटलं, बाकीचं मिसळलं. बेत सोपा होता. डब्यांतलं कोकम खरवडून काढायचं आणि तळाशी हे लावायचं. शाळेत सहामाही परीक्षा असल्यामुळे श्रीरंग घरी नव्हता. मी कपाटातून डब्या आणल्या आणि पहिलीचं झाकण उघडलं.

कोकमाचं तेल मेणासारखं घट्ट असतं. त्याच्यावर बोटाची खूण होती. तेव्हाच्या श्रीरंगच्या बोटाची, अलगद फिरवलेली, डबी लवकर संपू नये म्हणून. ती खूण मला चमच्याने खरवडवेना. बसून राहिले तशीच. मग डब्या पुसून जागेवर ठेवल्या, आणि घोटलेलं गंधकाचं मलम फुकट जाऊ नये म्हणून नव्या डबीत भरून तन्वीसाठी ठेवलं.

दसऱ्याला सकाळी यंत्रांची पूजा झाली. मी वजनकाट्याला, फ्रिजला आणि साक्षीलाही हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. फूल घरंगळून फटीवर गेलं.

"हा चेहरा नाही," साक्षी म्हणाली. "हा झेंडू आहे."

अकरा वाजता दुकान भरलं. आपट्याची पानं या हातातून त्या हातात चालली होती. नाना बाकावर, सुर्वे वहिनी तन्वीला घेऊन दारात. श्रीरंग इस्त्रीचा झब्बा घालून आला आणि त्याने दोन डब्या काउंटरवर ठेवल्या.

"ही पहिली. ही शेवटची. मध्ये आठ आठवडे," तो वर्गात नकाशा उलगडावा तसा म्हणाला. "पोंक्षे मेडिकलवर कुणाला शंका असेल त्यांनी कान उघडे ठेवा."

मी त्याचा झब्बा ओढला. "श्रीरंग, नको ना. आज सणाचा दिवस."

"सण आहे म्हणूनच," तो म्हणाला आणि पहिल्या डबीत टिपकागद फिरवून त्याने फटीत सरकवला.

"यात चेहरा कुठाय पण?" नानांनी विचारलं.

प्रश्न बरोबर होता आणि त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. माणूस मलम लावतो तेव्हा चेहऱ्यावर फिरवलेलं बोट पुन्हा डबीत घालतो. त्या बोटाबरोबर चेहऱ्याचं तेल, जंतू, सगळं थोडं थोडं मलमात जातं आणि त्या चरबीत वर्षानुवर्षं टिकतं. साक्षीला चेहरा लागत नाही. तिला डबी पुरते.

"पहिली डबी," साक्षी सुरू झाली. "घटक: कोकमाचं तेल, मेण. गंधक नाही. सॅलिसिलिक आम्ल नाही. मुरुमांवर परिणाम शून्य. योग्य वापर: टाचांच्या भेगा."

"टाचांच्या?" नाना बाकावरून उठले.

"डबीत सापडलेल्या इतर गोष्टी," साक्षीला थांबायचं माहीतच नव्हतं, "मुरुमांचे जंतू, भांडखोर जात. खोबरेल तेल, ब्राह्मी आणि जास्वंदीसह. प्रमाण फार जास्त."

श्रीरंगने दुसऱ्या डबीचा कागद सरकवला. त्याला वाटलं असावं, आता तरी.

"दुसरी डबी. मलम तेच. परिणाम तोच, शून्य. जंतू सामान्य. खोबरेल नाही. निष्कर्ष: या काळात ग्राहकाने डोक्याला तेल लावणं बंद केलं. कपाळावर ओघळणारं तेल थांबलं, छिद्रं मोकळी झाली, मुरूम गेले. मलमाचा संबंध नाही."

दुकानात कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही. श्रीरंग माझ्याकडे बघत होता. मी खाली बघितलं, आणि त्याला सगळं कळलं.

"पण सर," तन्वीने दारातून विचारलं, "तुम्ही तेल लावायचं का सोडलंत?"

श्रीरंगने नानांच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं, "सोनं घ्या," म्हणाला आणि चालता झाला. डब्या काउंटरवरच राहिल्या.

तीन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. "जेवायला वाढलंय", "दार लावून घे", एवढंच. शाळेतून आला की नकाशे घेऊन बसायचा. गावात चर्चा चालू होतीच. साखरप्याहून येणाऱ्या बिनड्रायव्हरच्या एसटीत आता बसायला लोक घाबरेनासे झाले होते आणि त्यांना नवा विषय हवाच होता. चौथ्या दिवशी संध्याकाळी मीच चहा घेऊन पडवीत त्याच्यासमोर बसले. साखर नेहमीपेक्षा जास्त घातली होती.

"कधी कळलं तुला?" त्याने कपाकडे बघत विचारलं.

"आठव्या दिवशी. एक आजोबा आले. म्हणाले, पोरी, भेगांच्या मलमाला गंधकाचा वास कसा?"

"म्हणजे माझी डबी त्यांना गेली."

"हो. त्यांच्या टाचांना एकही मुरूम आला नाही."

त्याला हसू फुटणार होतं, ते त्याने चहाबरोबर गिळलं. "मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. त्याच संध्याकाळी तू आलास, कपाळ पुढे केलंस आणि म्हणालास, दोन कमी झाले! औषधाच्या दुकानात लोक पडलेले चेहरे घेऊन येतात रे. इतका खूश झालेला माणूस मी काउंटरवर पहिल्यांदा बघत होते. आणि सांगितलं असतं तर तू परत आला नसतास."

"पुढचे सात आठवडे?"

"पुढे तू येतच राहिलास. मी कोकमाचीच देत राहिले, बदलली असती तर गंधकाच्या वासाने तुला कळलं असतं. चुकले मी. तीस वर्षं रोज सांगायला हवं होतं, आणि रोज भीती वाटली."

त्याने कप हातात गोल फिरवला. मग म्हणाला, "तेल मी त्याच दिवशी सोडलं. डबी घेऊन बाहेर पडलो आणि समोरच्या सलूनच्या आरशात स्वतःला बघितलं. कपाळावरून ओघळ आला होता. म्हटलं, या अवतारात पुन्हा तिच्यासमोर उभं राहायचं नाही. आई दर रविवारी तेलाची वाटी गरम करून आणायची. मी डोकं हलवून नाही म्हणायचो. तिला वाटायचं, पोरगा मोठा झाला, आता आपला हात नकोसा झाला. तिला खरं कारण कधी सांगितलं नाही. लाज वाटली. ती गेली तरी मी तेल लावलं नाही." त्याने कप खाली ठेवला. "मला वाटलं होतं, मलमाने चेहरा सुधारला आणि मग मी तुला आवडलो. आता कळतंय, मलमाने काही केलं नाही. म्हणजे आवडायला सुरुवात कधी झाली, तेच आता कळत नाही."

मला त्याचा असा राग आला! भूगोल शिकवणारा माणूस, दिशा म्हणून कळत नाही.

"श्रीरंग, आप्पांच्या दुकानात मी बारा वर्षांची असल्यापासून चिठ्ठ्या लावत होते. एकदाही चुकले नव्हते. नंतरही चुकले नाही. त्या एका दिवशी डबी का चुकली असेल, विचार केलास कधी?"

त्याने वर बघितलं.

"तू दारात उभा होतास. मी तुझ्याकडे बघत होते. तेल, मुरूम, ओघळ, सगळ्यासकट. हात आपले आपण काम करत होते. नाहीतर मी डबी चुकणारी बाई आहे का?"

त्याने डोक्यावरून हात फिरवला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे तीस वर्षं मी डोकं कोरडं ठेवलं ते..."

"फुकट," मी म्हटलं.

आणि तो हसायला लागला. डोळे पुसत पुसत हसला. शेजारच्या कुंपणावरून कुणीतरी डोकावलं तरी थांबेना. मग चष्मा काढून, जरा अवघडून म्हणाला, "वाटीभर तेल गरम कर ना."

मी खोबरेल गरम केलं, ब्राह्मी घातली. उरलेत किती केस म्हणून हिशेब केला नाही, आहेत त्या सगळ्यांना आणि नाहीत त्या जागेलाही चांगलं जिरवलं. तो पायरीवर डोळे मिटून बसला होता. दर रविवारी तेव्हापासून बसतो.

दुकानात मी साक्षीच्या शेजारी एक पाटी लावली: 'कुठलंही एक घ्या आणि आठ आठवडे थांबा.' शून्यवाल्या ट्यूबा फळीवरून उतरवल्या आणि त्या जागी आप्पांची दोन्ही मलमं पुन्हा घोटून ठेवली. तन्वीने मात्र खरंच आठ आठवडे दम धरला. सुर्वे वहिनी तिचा चेहरा दाखवायला मुद्दाम आल्या आणि जाताना साक्षीच्या डोक्यावर हात फिरवून गेल्या.

त्याच सुमारास एका दुपारी, पावणेबारा वाजता, श्रीरंग गिऱ्हाइकासारखा रांगेत उभा राहिला. चौपन्नाव्या वर्षी त्याच्या कपाळावर टपोरा, लालबुंद मुरूम आला होता. डोकं चपचपीत, भांग पट्टीने आखल्यासारखा. नाना बाकावर होतेच. श्रीरंगने टिपकागद कपाळावर दाबून फटीत सरकवला.

"कारण: खोबरेल, ब्राह्मीसह," साक्षी म्हणाली. "उपाय: तेल बंद करावं."

"ते जमणार नाही," श्रीरंगने तिला सांगितलं. मग माझ्याकडे वळला आणि मान खाली घालून म्हणाला, "तारुण्यपिटिकांवर काही आहे का?"

मागच्या फळीवर दोन्ही मलमांच्या डब्या शेजारी शेजारी होत्या. मी दोन्ही चिठ्ठ्या नीट वाचल्या, आणि त्याला कोकमाची दिली.